छावणीतली रेसर : देवळाली कॅम्प आणि जुन्या शर्यतीच्या सायकलींचा जीर्णोद्धार

नाशिकरोडवरून लॅम रोडने दक्षिणेकडे निघाल्यावर सात-आठ किलोमीटरांत जी वस्ती लागते तिला पंचक्रोशीत नुसते 'कॅम्प' म्हणतात, आणि स्टेशनाजवळचे मूळ देवळाली गाव वेगळे, ही छावणी वेगळी, हा भेद इथला माणूस बोलताना कधी विसरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात उभी राहिलेली ही छावणी मुळात मुक्कामाची जागा होती. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी इथे आणल्या जात आणि मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच थांबत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत असल्यामुळे चुकीच्या महिन्यात मुदत संपलेल्या शिपायाला इथे कित्येक महिने काढावे लागत. त्या रिकामपणाने आणि उन्हाने डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द रूढ झाला, आणि त्याला जोडून येणारा 'टॅप' म्हणजे आपला 'ताप' होय. ज्या गावाच्या नावाने परक्या भाषेत शब्द तयार झाला, त्या गावात परक्यांच्या वस्तूही मागे राहिल्या असणार हे ओघानेच आले. त्या वस्तूंपैकी शर्यतीची सायकल ही एक असून तिच्या दुरुस्तीचा, रूपांतराचा आणि अलीकडे सुरू झालेल्या जीर्णोद्धाराचा विचार येथे करावयाचा आहे.

छावणीच्या गावात वस्तू हातोहात फिरतात. बदलीचा हुकूम आलेला अधिकारी घरातले लाकडी सामान, कंदील, पियानो आणि सायकल विकून निघतो, आणि ते सामान प्रथम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, मग दुकानदाराकडे, मग गावातल्या एखाद्या कारकुनाकडे किंवा शिक्षकाकडे जाते, ही हिंदुस्थानातल्या सर्वच कॅन्टोन्मेंटांची रीत होती. देवळालीत या सामानाला आणखी गिऱ्हाइके मिळाली. कोरड्या हवेमुळे विसाव्या शतकात पारशी, बोहरी व गुजराती कुटुंबांची आरोग्यधामे आणि बंगले इथे उभे राहिले, १९२५ मध्ये बार्न्स स्कूल सुरू झाले, आणि त्याच सुमारास नाशिकरोडला सरकारी छापखाना निघून १९२८ पासून तिथे चलनी नोटाही छापल्या जाऊ लागल्या. प्रेसमध्ये पाळीला जाणारा कामगार, शाळेतला मुलगा, सॅनिटोरियममध्ये हवा पालटण्यासाठी आलेला मुंबईकर आणि तोफखान्याचा शिपाई या सर्वांना जवळपास सपाट असलेल्या या पठारावर एकच वाहन परवडे आणि पुरे पडे. काकूलहून देवळालीला आलेली तोफखाना प्रशाला स्वातंत्र्यानंतरही इथेच राहिली आणि गोरे अधिकारी गेले तरी छावणीचे हे चक्र थांबले नाही.

या पार्श्वभूमीवर 'रेसर' या शब्दाचा अर्थ आधी नीट पाहिला पाहिजे. महाराष्ट्रात घरोघरी जी काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल होती तिला इंग्रज 'रोडस्टर' म्हणत. तिची चाके २८ × १½ इंचांची, वजन वीस किलोच्या आसपास, आणि तिच्यावर पत्नी, मूल व धान्याचे पोते एकदम नेता येई. शर्यतीची सायकल याच्या उलट गरजांतून घडलेली असते. तिच्या फ्रेमची नळी पातळ आणि मजबूत लागते; १९३५ साली रेनॉल्ड्स कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची '५३१' ही नळी बाजारात आणल्यापासून पुढची चार दशके चांगल्या रेसरची ओळख याच तीन आकड्यांवरून होत असे. या नळ्या 'बटेड' असत, म्हणजे सांध्याजवळ त्यांची जाडी अधिक आणि मधल्या भागात कमी असे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक दिसत नसल्यामुळे तो वजनावरून आणि बोटाने टिचकी मारल्यावर येणाऱ्या आवाजावरूनच जाणकाराच्या लक्षात येई. दोन नळ्या जिथे जुळतात तिथे 'लग' नावाची पोलादी बाही बसवून त्यात पितळेचा रस उतरवून सांधा पक्का करीत. नळी प्रमाणाबाहेर तापली तर पोलादाचा कस जातो, म्हणून हे काम भट्टीपेक्षा नजरेचे अधिक होते.

वेगाचे गणित मात्र दातांत असते. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा इंचांतला व्यास, असा 'गिअर' मोजण्याचा जुना हिशेब आहे. रोडस्टरला ४४ आणि १८ दातांची जोडी असे, तिचा गिअर सुमारे ६८ इंच येतो. ४८ आणि १६ दातांची, २७ इंची चाकाची रेसर घेतली तर तो बरोबर ८१ इंच भरतो. पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात पहिली सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते, दुसरी साडेसहा मीटरच्या जवळ जाते. शेजारच्या भगूरच्या फाट्यावरून नाशिकरोडपर्यंत मारलेल्या शेकडो फेऱ्यांत हा एकेक मीटर साठत जातो, आणि रेसरवर एकदा बसलेला माणूस पुन्हा काळ्या सायकलीवर बसायला नाखूश का असतो याचे उत्तर या साध्या भागाकारात मिळते.

इंग्लंडमध्ये १९३० नंतर काही कारागिरांनी जी विचित्र आकाराची शर्यतीची सायकल घडवली, तिचे मूळ खेळाच्या नियमांत होते. त्या देशात हौशी स्पर्धकाने जाहिरात करणे निषिद्ध असल्यामुळे वृत्तपत्रांत छापलेल्या छायाचित्रांतून सायकलीवरचे निर्मात्याचे नाव पुसले जाई. तेव्हा नाव पुसले तरी सायकल ओळखू यावी म्हणून काहींनी फ्रेमचा आकारच बदलला. लंडनच्या हेचिन्स कंपनीने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांना नागमोडी वळण दिले, बेट्सने पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला दुहेरी बाक दिला आणि बेन्सने सीटखालची नळी उभी करून फ्रेमला फाटकासारखा आकार आणला, म्हणून तिला 'फ्लाइंग गेट' म्हणत. या वळणांनी धक्के कमी बसतात असा दावा निर्माते करीत. तो कितपत खरा होता यावर जाणकार आजही वाद घालतात, पण ओळख पटवण्याचे काम त्या वळणांनी चोख केले यात शंका नाही. अशा फ्रेमची किंमत साध्या सायकलीच्या कितीतरी पट असल्यामुळे हिंदुस्थानात ती दुकानात विकायला येण्याची शक्यता कमी होती आणि कोणा हौशी अधिकाऱ्याच्या सामानातून उतरण्याची अधिक. देशात एखादी जुनी विलक्षण रेसर निघते तेव्हा तिचा माग पुष्कळदा छावणीकडे, रेल्वे वसाहतीकडे किंवा चहाच्या मळ्याकडे जातो, तो यामुळेच.

पश्चिम हिंदुस्थानात सायकलीच्या खेळाला पारशी समाजाने जे बळ दिले त्याची नोंद इथे अवश्य करायला हवी, कारण देवळालीच्या बंगल्यांची आणि त्या खेळाची माणसे एकाच समाजातली होती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून परतले. १९३८ मध्ये सिडनीच्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत जानकी दास यांनी सायकलिंगमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व केले आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला स्वतंत्र भारताचा सायकल संघ गेला. मुंबई-पुणे शर्यतीने हा खेळ मराठी मुलखात खोलवर नेला. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा 'घाटाचा राजा' हा किताब ज्याला ठाऊक नाही असा जुना मराठी सायकलवाला विरळाच.

खेळ वाढला, तरी सायकली मिळत नव्हत्या. महायुद्धाच्या काळात आयात आटली आणि स्वातंत्र्यानंतर देशी उद्योगाला संरक्षण देण्यासाठी ती रोखली गेली. मुंबईची हिंद, मद्रासची टी. आय., आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हीरो या कारखान्यांनी देशाला सायकल दिली हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण त्यांनी मुख्यतः रोडस्टर दिली. शर्यतीचा सुटा भाग बाजारात दुर्मीळ झाला. याच टंचाईतून महाराष्ट्रातल्या सायकल-मिस्त्रीची जुळवाजुळवीची कला बहरली, आणि या लेखाच्या दृष्टीने इतिहासाचा सर्वांत समृद्ध भाग तोच आहे.

ती कला दोन दिशांनी चालली. एकीकडे साध्या सायकलीची रेसर केली जाई : मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर काढून टाकायचे, हँडल उलटे बसवून हाताची पकड खाली आणायची, सीट वर उचलायची, मागचे फ्रीव्हील १८ ऐवजी १६ दातांचे लावायचे. गल्लीतल्या पोरांनी केलेला हा बदल हास्यास्पद मानणे चूक ठरेल, कारण वजन, वाऱ्याचा रोध आणि गिअर या शर्यतीच्या तिन्ही मूलतत्त्वांना त्यात हात घातलेला होता. दुसरीकडे खऱ्या रेसरची साधी सायकल केली जाई. २७ × १¼ इंची टायर फाटला की तो मिळेना, आणि २८ × १½ चा टायर प्रत्येक दुकानात टांगलेला असे. दोन रिमांच्या व्यासांत फरक जेमतेम पाच मिलिमीटरांचा, ६३० आणि ६३५. पण टायर जाड असल्यामुळे तो चिमट्याला घासे. मग चिमटा थोडा फाकवायचा, मागच्या नळ्यांना आतून ठोकून खाच पाडायची, कॅलिपर ब्रेक काढून दांड्यांचे ब्रेक बसवायचे, आणि वर मडगार्ड व कॅरिअर चढवून सायकल नोकरीला जायला सिद्ध करायची, असा क्रम असे. रेनॉल्ड्सच्या नळीवर हातोडा पडला म्हणून आजचा संग्राहक हळहळतो. त्याची हळहळ समजण्यासारखी आहे. तरी त्या हातोड्यामुळेच ती सायकल आणखी तीस वर्षे रस्त्यावर राहिली आणि भंगारात गेली नाही, ही गोष्ट तितकीच खरी आहे.

मराठीत 'जीर्णोद्धार' हा शब्द देवळाच्या संदर्भात वापरला जातो आणि त्यात एक विवेक गृहीत धरलेला असतो. मूर्ती तीच राहते, सभामंडप नवा होतो, कळस बदलतो, आणि जुन्या बांधकामाचा एखादा कोरीव दगड ओट्यात बसवलेला सापडतो. सायकलीच्या बाबतीत फ्रेम व चिमटा यांना मूर्तीचा मान द्यावा, चाके, तारा, चेन आणि टायर यांना मंडपाप्रमाणे बदलते मानावे, आणि मधल्या काळातल्या मिस्त्रीने केलेले फेरफार हे त्या कोरीव दगडासारखे जपावेत, ही भूमिका सर्वांत न्याय्य दिसते. कॅटलॉगातल्या चित्राबरहुकूम सायकल करणे हा दुसरा मार्ग आहे आणि परदेशांत तो प्रतिष्ठित आहे. मात्र देवळालीत सापडलेली सायकल कॅटलॉगातल्या लंडनची केली की तिच्यातले देवळाली पुसले जाते.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे ही भूमिका अधिक स्पष्ट होते. पहिली पायरी वाचनाची असते. फ्रेमचा क्रमांक सीटखालच्या लगवर किंवा पायडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो त्या 'बॉटम ब्रॅकेट'च्या तळाशी ठोकलेला असतो. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर काम पुष्कळ सोपे होते, कारण १९३६ पासून बनू लागलेल्या ए. डब्ल्यू. जातीच्या हबवर वर्षाचे अंक ठोकलेले असत आणि युद्धानंतरच्या हबवर महिनाही असे. पन्नास वर्षांचे काळे ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर पोलादावर तो बारीक अंक उमटतो, तेव्हा त्या सायकलीच्या चरित्रातली पहिली खात्रीची तारीख हाती येते. हब नंतर बदललेला असू शकतो, ही सावधगिरी अर्थात बाळगावी लागते. नगरपालिकेच्या सायकलकराचा पत्र्याचा बिल्ला हँडलला अडकून राहिला असेल तर त्यावरचे वर्षही असाच पुरावा देते. रंगाचे थर शेवटी पाहायचे : नळीच्या आडोशाच्या भागावर बोटाच्या पेराएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासली की वरचा दुकानातला रंग, त्याखालचा एखादा मधला रंग आणि तळाशी कारखान्याचा मूळ लेप झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे एकाभोवती एक दिसू लागतात. संपूर्ण फ्रेम सँडब्लास्ट करून घेणारा मनुष्य हे वाचन होण्याआधीच पोथी धुऊन काढतो.

दुसरी पायरी उघडण्याची, आणि तिथे बहुतेक जीर्णोद्धार कॉटर पिनीपाशी अडतो. कॉटर पिन म्हणजे क्रँकला आसाशी जखडणारी, एका अंगाने उतरती घासलेली पाचरीसारखी खीळ. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती आसाशी एकजीव होते, आणि क्रँकला खालून आधार न देता तिच्यावर हातोडा घातला की तो मार आसातून थेट बेअरिंगच्या वाट्यांवर जातो व छर्ऱ्यांच्या वाटेत खळगे पडतात. जुने मिस्त्री क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवून, आदल्या रात्री तेल सोडून, नट पिनीच्या टोकाशी समपातळीत ठेवून एकच नेमका घाव घालीत. नवी पिन बसवताना तिचा उतार कानशीने घासून दोन्ही क्रँक अगदी एका रेषेत आणायचे असतात. पिनीच्या व्यासांतही भेद असून इंग्लिश सायकलीला साधारण साडेनऊ मिलिमीटरांची पिन लागते. आत प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे असतात, आणि ते मोजून काढून मोजूनच भरावे लागतात. आट्यांचे प्रकरणही असेच फसवे : बहुतेक इंग्लिश बॉटम ब्रॅकेटला इंचाला २४ आटे असतात, रॅलेने मात्र दीर्घकाळ २६ आट्यांचा स्वतःचा पायंडा ठेवला, त्यामुळे बाहेरून सारखी दिसणारी वाटी जबरदस्तीने फिरवली की आटे कायमचे जातात.

तिसरी पायरी बदलाची. २७ इंची जुना टायर न मिळाल्यास आज ७०० सी जातीचे, ६२२ मिलिमीटर व्यासाचे चाक बसवता येते. त्रिज्येत चार मिलिमीटरांचा फरक पडत असल्याने ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवावे लागते आणि पुष्कळ जुन्या कॅलिपरांत तेवढी जागा सापडते. यात फ्रेमला धक्का लागत नाही, म्हणून तो बदल परतवता येण्याजोगा आहे. याउलट जुन्या चिमट्याला भोक पाडणे, गिअरचा कान वितळवून चिकटवणे किंवा मागील नळ्या फाकवून आजचा रुंद हब घुसवणे हे बदल मागे घेता येत नाहीत. मालकाने आपल्या अंगमापाप्रमाणे हँडल, सीट आणि गिअर बदलावेत, त्यात कमीपणा नाही, कारण शर्यतीची सायकल पहिल्या दिवसापासून स्वाराच्या मापानेच बांधली जात असे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा, एवढी एकच शिस्त त्यासाठी पुरेशी आहे.

देवळालीच्या हवेचा या कामी उपयोग होतो ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या कोरडेपणासाठी मुंबईचे आजारी लोक इथे येऊन राहिले, त्याच कोरडेपणाने व्हरांड्यात टांगलेले पोलादही टिकवले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात नळी आतून पोखरली जाते, तसे इथे कमी होते. पावसाळ्यात सीटच्या दांड्यावरून उतरलेले पाणी मात्र बॉटम ब्रॅकेटच्या तळाशी साचतेच, आणि फ्रेम विकत घेणाऱ्याने तिथेच आधी बोट घालून पाहावे.

महाराष्ट्रात या विद्येला अलीकडे हक्काचे घर मिळाले आहे. पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या आणि दुरुस्त केलेल्या सायकलींचे संग्रहालय २०१७ मध्ये सुरू झाले असून दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बी. एस. ए. ची घडीची सायकल तिथे पाहायला मिळते. दुहेरी समांतर नळ्यांची ती फ्रेम पाहणाऱ्याला लष्कर आणि सायकल यांचा संबंध वेगळा सांगावा लागत नाही. नाशिकने शर्यतीच्या बाजूने आपली भर घातली : डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेचा किनारा ते किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पार केली, आणि २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. त्यांच्या सायकली कार्बनच्या आहेत. त्या पिढीला हव्या त्या मापाचा टायर घरबसल्या मिळतो. ज्या मिस्त्रींनी तो मिळत नसताना रेसर चालू ठेवल्या त्यांची दुकाने मात्र एकामागून एक बंद होत आहेत, आणि कोणत्या फ्रेममध्ये कोणी काय बदल केला हे तोंडी ज्ञान त्यांच्याबरोबर जात आहे.

म्हणून लॅम रोडवरच्या जुन्या बंगल्यांत, भगूरच्या वाड्यांत किंवा प्रेसमधून निवृत्त झालेल्यांच्या घरी माळ्यावर एखादी वाकड्या नळीची, खाली झुकलेल्या हँडलची सायकल पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी उलटी करावी, बॉटम ब्रॅकेटखालचा क्रमांक आणि मागच्या हबवरचे अंक वहीत उतरवून घ्यावेत, आणि ती कोणाकडून घेतली, कोणत्या दुकानात दुरुस्त होत असे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून त्याच पानावर लिहून ठेवावे.